बैल गाडीला ओढतो, गाडी बैलाला. मग हलतं कोण?

ताई, तुमच्या नववीतल्या मुलाची शंका रास्त आहे: गाडीही बैलाला तेवढ्याच बलानं मागं ओढत असेल, तर दोन्ही बलं कटून गाडी जागच्या जागी राहायला हवी. काही जण 'बैलाचं बल जास्त असतं' असं सांगतात, ते साफ चूक. ओढ आणि उलट ओढ या जोडीतली बलं सारखीच असतात, पण एक गाडीवर लागतं, दुसरं बैलावर. वेगवेगळ्या वस्तूंवरची बलं एकमेकांना काटत नाहीत.

आमच्याकडं परभणीच्या बाजूला पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी काढून बघा. बैल तेच, ताकद तीच, पण चिखलात खूर सटकतो आणि गाडी रुतून बसते. कारण खूर जमिनीला मागं रेटतो, तेव्हा जमीन बैलाला पुढं रेटते. खरी ओढ तिथून येते.

आता आकडे (सोयीसाठी धरलेले). उसाची गाडी १५०० किलो, बैलजोडी ८०० किलो. जमीन बैलांना ९०० न्यूटननं (न्यूटन म्हणजे बल मोजायचं एकक) पुढं ढकलते, चाकांना विरोध ६७० न्यूटन. उरले २३०, भागिले एकूण २३०० किलो, त्वरण (वेग वाढण्याचा दर) ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. जुवावरचा ताण ८२० न्यूटन, दोन्हीकडं सारखाच. मुलाला तो स्वतः काढायला लावा, गाडी आणि बैल वेगळे धरून.

आणि हो, गाडी एकसारख्या वेगानं चालू लागली की जमिनीचा रेटाही ६७०च. बैल दमतात, पण निव्वळ बल शून्य. आमच्या सरांनी हे कधी सांगितलंच नव्हतं!