आरशात नापास म्हणून कुत्रा मठ्ठ?

गोदाकाठ: 'कुत्रा आरशात स्वतःला ओळखत नाही, म्हणजे त्याला स्वत्वाची जाणीव नाही', हे सकाळी इथं वाचलं आणि डोकं फिरलं. मानसशास्त्रज्ञ गॅलपनी १९७० मध्ये ही चाचणी चिंपांझींवर केली: चेहऱ्यावर रंगाचा ठिपका लावायचा आणि आरशात बघून ते स्वतःचाच चेहरा चाचपतात का, ते बघायचं. पण ते डोळ्यांनी जग ओळखतात. कुत्रा नाकानं ओळखतो! कुत्र्यांच्या अभ्यासक होरोविट्झबाईंनी २०१७ मध्ये कुत्र्यांना त्यांचंच मूत्र हुंगायला दिलं, मग त्यात परका वास मिसळून दिलं. मिसळलेल्यावर ते जास्त वेळ रेंगाळले. आणि आमच्या मोत्या कुत्र्याचं ऐका: शेतावर वीज रात्री यायची. मोटर बंद पडून पाटाचा आवाज थांबला की मोत्या बाबांना उठवायचा. कुणी शिकवलं नव्हतं.

प्रयोगवही: वासातला फरक कळला, एवढंच त्यातून दिसतं. 'हा मी' हे कळतं असं नाही. बर्लिनचा हॅन्स घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ फुंग्स्टनी दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोडाही चुकतो. समोरच्याचं डोकं किंचित हललं की तो खूर आपटणं थांबवायचा. मोत्यावर तुमचा जीव होता, पण तो पुरावा नव्हे.

गोदाकाठ: भल्याभल्यांना न दिसलेली हालचाल घोड्यानं टिपली, ही बुद्धी नाही?

तिसरा मजला: हुशारीचं कौतुक पुरे. आमच्या गेटवर भटक्या कुत्र्यांना खायला घालतात, तिथंच एकानं माझ्या मुलीच्या पोटरीचा लचका तोडला. पाच इंजेक्शनं घेतली पोरीनं.

खाचेचा कान: मीही खायला घालते, नसबंदीही स्वखर्चानं करून घेते. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या अनिंदिता भद्रांच्या गटानं भटक्या कुत्र्यांना बोटानं वाडगा दाखवला. जवळ आलेल्यांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास बरोबर त्याच वाडग्याकडे गेले. दगड मारणारी माणसंही त्यांच्या लक्षात राहतात.

तिसरा मजला: माझ्या मुलीनं कुणाला दगड मारला होता? आणि त्याच अभ्यासात निम्मे कुत्रे जवळच आले नाहीत, ते का गाळलंत?

खाचेचा कान: माणसाला भ्यायलेत म्हणून!

प्रयोगवही: विषय कुठल्या कुठे गेला. तरी एक मान्य करतो. २०१९ मध्ये क्लीनर रास नावाचा मासा आरशाच्या चाचणीत पास झाल्याचं छापून आलं, ते खुद्द गॅलपना पटलं नाही. माशाचा निकाल शंकास्पद असेल, तर कुत्रा नापास म्हणून त्याला जाणीवच नाही असंही ठामपणे म्हणता येणार नाही. मोत्याबद्दलचं मत मात्र तेच.

खाचेचा कान: गेटवर घालू नये, हे मला पटतं. मी मागच्या भिंतीशी वाडगे ठेवते.

तिसरा मजला: आमच्याकडे तेवढंच करा म्हणून तीनदा हात जोडले. मुलगी अजून गेटपर्यंत एकटी जात नाही.