कढीपत्ता लावू की शेवगा? जागा एकाच झाडाची आहे

टिकाव_घेऊन_उभा (विजापूर रोड)
मंडळी, घरामागं भिंतीलगत आठ बाय सहा फुटांचा तुकडा उरलाय, बाकी सगळी फरशी. झाड एकच मावेल. आई म्हणते कढीपत्ता, बायको म्हणते शेवगा. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, आणि बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. मे महिन्यात पारा 43 ला टेकतो हे सोलापूरकरांना काय सांगायचं! माझा कल शेवग्याकडं आहे, कारण कमी पाण्यावर जगेल तेच लावावं असं माझं मत. पटत नसेल तर खुशाल भांडा, पण आपल्या मातीवर बोला. पुण्याच्या बाल्कनीतलं ज्ञान नको.

फोडणीवाली
शेवगा लावा, शेंगा खा, आणि उरलेलं वर्षभर नुसतं झाडाकडं बघत बसा. सावलीसुद्धा धड पडत नाही त्याची. कढीपत्ता रोज लागतो हो. आमटी, पिठलं, पोहे, ताकाची कढी, काय करणार त्याच्याशिवाय? पूर्वी कोथिंबिरीबरोबर चार काड्या फुकट मिळायच्या. आता मंडईत पैसे मोजून घ्यायचा आणि घरी आल्यावर निम्मी पानं काळी निघतात.

माझं झाड बारा वर्षांचं आहे. पहिली दोन वर्षं जीव खातं, हे खरं. थंडीत नवी पालवी फुटतच नाही, मेलं की काय असं वाटतं. मी एकदा उपटायलाच निघाले होते, सासूबाईंनी हात धरला. उन्हाळ्याच्या तोंडावर बुडापासून फूट निघाली. शेंडा खुडत राहायचा म्हणजे झुडूप भरतं. पानं हवी असतील तर फुलोरा येताच तोडायचा. मुळांतून बाजूला पिल्लं फुटतात, ती मी आठ-दहा जणींना वाटलीत. शेवगा असा वाटता येतो का?

काळी_माती_बाळे
येतो की ताई, फांदी वाटतात. मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी घ्यायची, एक-दोन दिवस सावलीत ठेवायची आणि पावसाच्या तोंडावर रोवायची. बी लावायचं तर पीकेएम-1 घ्या. ती तमिळनाडूची जात, सात-आठ महिन्यांत शेंग धरते.

पाण्याचं म्हणाल तर रोपाचा पहिला उन्हाळा सांभाळा. त्यानंतर शेवगा तुमच्या नळाकडं बघत नाही. फारच ताण पडला तर पानं गाळून गप उभा राहतो, पाऊस आला की पुन्हा सुरू. त्याला मारायचं असेल तर बुडात पाणी तुंबवा. आपल्या काळ्या रानात लोक नेमकं तेच करतात. खड्डा करून पाण्याचं तळं करतात आणि मूळ कुजलं की जातीला नावं ठेवतात. खड्ड्यात मुरूम मिसळा आणि बुंधा वरंब्यावर ठेवा.

वळवाचा_मारा
हे सगळं शेतात ठीक आहे. भिंतीलगत सहा फुटांत? आमच्या दारात होता शेवगा. दोन वर्षांपूर्वी वळवाचा पाऊस आला, वारा जेमतेम दहा मिनिटं. मनगट सोडा, मांडीएवढी फांदी मुळ्यासारखी कट्‌ करून मोडली आणि थेट माझ्या स्कूटरच्या सीटवर. हे लाकूड आतून ओल्या कागदासारखं असतं. जुनी माणसं दारात शेवगा नको म्हणायची. लोक त्याला अंधश्रद्धा म्हणतात, मी अनुभव म्हणतो.

शिवाय पावसाळ्यात केसाळ सुरवंट. दिवसभर बुंध्यावर घोंगडी अंथरल्यासारखे एकावर एक बसलेले. धुणं वाळत घातलं तर अंगभर खाज.

काळी_माती_बाळे
दादा, तुमच्या झाडाची उंची किती होती? वीस फूट? छाटायचा नाही आणि मोडला की शिव्या घालायच्या. रोप कमरेएवढं झालं की शेंडा मोडायचा. दर वर्षी शेंगा संपल्या की छातीएवढ्या उंचीवर छाटायचं. सुरवंटांचं मात्र खरं आहे, त्यावर वाद नाही. दिवसा ते बुंध्यावर गोळा होतात तेव्हाच निपटायचे. आणि कढीपत्त्यावर अळी येत नाही का? लिंबाच्या कुळातलंच झाड ते, लिंबावरचं फुलपाखरू हटकून अंडी घालणार. लहानपणी अळी चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवीगार होते. छोटं रोप दोन दिवसांत काड्या करून टाकते.

पूर्वभागातली
सगळे शेंगांवरच भांडताय, पाल्याचं कुणीच बोलत नाही. आमच्या तेलुगू घरात मुनगाकू पप्पू ठरलेलं, म्हणजे तूरडाळीत शेवग्याचा कोवळा पाला. शेंगांचा हंगाम नसला तरी पाला असतोच. कोकणात गोकुळाष्टमीला याच पाल्याची भाजी करतात. शेवगा दोन महिन्यांचा, हे मुळातच चूक आहे. वर त्यात कॅल्शियम किती!

फोडणीवाली
कॅल्शियम काढलंच आहे तर ऐका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात 440 मिलिग्रॅम आहे आणि कढीपत्त्यात 830.

पूर्वभागातली
बरोबर. आता शंभर ग्रॅम कढीपत्ता खाऊन दाखवा. फोडणीत दहा पानं टाकता आणि जेवताना ताटाच्या कडेला रांग लावता. आमचा पाला वाटीभर पोटात जातो.

फोडणीवाली
आमच्यात कडेला काढत नाहीत. आम्ही वाळवून चटणी करतो.

वळवाचा_मारा
शेंगाचटणीत घालत नसाल एवढीच आशा. तिच्यात शेंगदाणा, लसूण, तिखट, मीठ, जिरं. कढीपत्ता घातला की ती सोलापूरची राहिली नाही.

टिकाव_घेऊन_उभा
आज खणलं. वरची दीड फूट काळी माती, खाली पांढरे खडे, बोराएवढे. हे काय?

काळी_माती_बाळे
एक खडा बशीत घेऊन फोडा आणि वर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर चुनखडी.

टिकाव_घेऊन_उभा
पिळलं. कान जवळ नेला तर चुर्र ऐकू आलं. बशीभर फेस. आई म्हणाली, लिंबू वाया घालवलं.

काळी_माती_बाळे
मग निकाल लागला. चुनखडीत कढीपत्त्याला लोह मिळत नाही. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. त्यात बोअरचं जड पाणी. रोप मरणार नाही, पण फुगणारही नाही. शेवग्याला एवढा फरक पडत नाही.

फोडणीवाली
माझीही माती हीच आहे की! पानं पिवळी पडतात, मी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, देते, पुन्हा हिरवी होतात.

काळी_माती_बाळे
कशी देता? नुसतं बुडात टाकलं तर चुनखडी ते गिळून बसते, झाडाला काही पोचत नाही.

फोडणीवाली
शेणखतात आठवडाभर मुरवून. आणि पावसाळ्यात एकदा पातळ फवारा. बारा वर्षं फुकट नाही गेली माझी.

काळी_माती_बाळे
हे आधी सांगितलं असतं तर मी एवढा तावातावानं बोललो नसतो. पण तुम्ही बारा वर्षं निगा राखलीत, हे महाशय राखतील का, हा प्रश्न आहे.

टिकाव_घेऊन_उभा
महाशय राखणार नाहीत, स्वतःला ओळखून आहे. शेजारच्या काकांकडून रविवारी शेवग्याची फांदी येतेय. भिंतीपासून चार फूट सोडून रोवणार, कमरेएवढा झाला की शेंडा मोडणार, स्कूटर पुढच्या दारात लावणार. आईनं मात्र मला न विचारता नर्सरीतून कढीपत्त्याचं रोप आणलंय. गच्चीवर जुना निळा ड्रम अर्धा कापून त्यात लावलं, मातीत चुनखडी नाही हे मी लिंबू पिळून बघितलं. ती आजपासून त्याला ताक घालतेय. चालतं ना?

फोडणीवाली
चालतं. पातळ करून, आठ-पंधरा दिवसांनी एकदा. पहिल्या उन्हाळ्यात दुपारी वर जुनी साडी बांधा.

टिकाव_घेऊन_उभा
आई विचारतेय, जेवणातलं उरलेलं चालेल का?

फोडणीवाली
मीठ घातलेलं नको.

टिकाव_घेऊन_उभा
घातलंय तिनं काल.