शब्दचर्चा: नॅरोबँड फिल्टर म्हणजे ‘एकरेषी गाळणी’?

बीडकर: तेजोमेघांच्या, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांच्या, फोटोग्राफीवर शाळांसाठी माहितीपत्रक करतोय. ‘नॅरोबँड फिल्टर’ला, म्हणजे प्रकाशातला एक अरुंद पट्टाच आत सोडणाऱ्या काचेला, ‘एकरेषी गाळणी’ लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘अरुंदपट्ट छानक’ केलं. तुमच्याकडे काय म्हणतात?

नांदेडकर: एकरेषी चूकच. वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देतो, ती त्याची रेषा. ७ नॅनोमीटर रुंद पट्ट्याचा एच-अल्फा फिल्टर हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या तांबड्या एच-अल्फा रेषेसोबत नायट्रोजनची ६५८.४ ची रेषाही आत घेतो. ३ चा फिल्टर ती बरीचशी अडवतो. रेषा वायूची, पट्टा फिल्टरचा.

लातूरकर: हा फरक पत्रकात यायलाच हवा. एफ/२ च्या, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या दुप्पटच असलेल्या, दुर्बिणीत कडेचे किरण फिल्टरवर सुमारे १४ अंश तिरपे पडतात, त्यामुळे पट्टा निळ्याकडे सरकतो. फिल्टर ३ चा असेल तर रेषेचा बराच प्रकाश पट्ट्याबाहेर जातो. फोटो फिका येतो आणि लोक एक्स्पोजर वाढवत बसतात. तिथं पट्टा आधीच तांबड्याकडे सरकवलेला फिल्टर लागतो. ‘छानक’ मात्र नको, कुणी बोलत नाही तसं.

परभणीकर: गाळणीही नको. गाळणीत गाळ साचतो. इथं नको तो प्रकाश बहुतांशी मागे परततो. ओ-थ्रीत, म्हणजे ऑक्सिजनच्या रेषेच्या फिल्टरमध्ये, ठळक ताऱ्याभोवती कडं उमटतं ते अशाच परावर्तनानं. सरळ ‘फिल्टर’ लिहा. गावोगाव पाण्याचे फिल्टर आहेत, पोरांना कळतं.

नांदेडकर: पाण्याचा आहे म्हणून प्रकाशाचाही तोच? मग मराठीत लिहायचंच कशाला? ‘चिंचोळ्या पट्ट्याचा गाळक’ म्हणा. चिंचोळा बोळ, चिंचोळी पट्टी आपल्या तोंडात आहेच.

जालनेकर: ‘तेजोमेघ’ कुणाला खटकत नाही? हॉर्सहेड हा धुळीचा मेघ स्वतः काळा आहे. उजळतो तो मागचा आयसी ४३४ हा वायूचा मेघ, तोही एच-अल्फात. काळ्या धुळीला तेजोमेघ कसं म्हणणार? जुना ‘अभ्रिका’ बरा, त्यात अभ्र आहे, तेजाची अट नाही.

लातूरकर: बीडकरांचा विषय उत्सर्जन तेजोमेघांचा आहे, तिथं तेज हवंच. उष्ण ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, परत जुळताना एच-अल्फाची रेषा निघते.

जालनेकर: मग मृगातला एम ४२ तेजोमेघ आणि हॉर्सहेड अभ्रिका, असे दोन शब्द ठेवणार?

परभणीकर: शब्द कोणताही घ्या, कृती नीट लिहा. चांदण्यात एच-अल्फा घ्या, ५००.७ च्या रेषेचा ओ-थ्री अंधाऱ्या पंधरवड्यासाठी राखा, चंद्रप्रकाश त्याला जास्त मारतो. फिल्टर बदलला की फोकस पुन्हा तपासा. फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, प्रत्येक फिल्टरचे वेगळे. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ काचेवर बसते, तिचे गोल डाग त्याशिवाय निघत नाहीत.

नांदेडकर: ‘फ्लॅट’ला काय लिहायचं? ‘समतल चित्र’?

जालनेकर: समतल जमीन असते. ‘समप्रकाश चित्र’ म्हणा.