खाबारोव्स्कजवळ अमूरचं पात्र खरंच सरकतंय का?

नकाशावेडा: लँडसॅट उपग्रहाची दोन जुनी-नवी चित्रं एकावर एक ठेवली, तर रशियातल्या खाबारोव्स्क शहराजवळ अमूर नदीचे काही फाटे रुंद झालेले दिसतात, काही आटलेले. पात्र सरकलंय की फक्त पाणी कमी-जास्त आहे? आणि पात्र हललं तर रशिया-चीनची हद्दही हलते का?

भूरूप: आधी पाण्याची पातळी बघा. अमूरचा मोठा पूर उन्हाळी मान्सूनचा असतो, बर्फ वितळण्याचा नव्हे. सप्टेंबर २०१३ मध्ये खाबारोव्स्कला पातळी ८०८ सेंमीवर गेली. त्याआधीचा १८९७ चा उच्चांक ६४२ होता. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरची चित्रं बाजूला ठेवा. जूनच्या सुरुवातीची किंवा ऑक्टोबरची घ्या, आणि दोन्ही दिवसांची पातळी जवळपास सारखी हवी. मग हिरवा आणि लघुतरंग अवरक्त पट्टा वापरून पाण्याचा निर्देशांक (कुठे पाणी, कुठे जमीन हे सांगणारा आकडा) काढा: लँडसॅट ५ चे पट्टे २ आणि ५, लँडसॅट ८ चे ३ आणि ६. ओली वाळू पाणी म्हणून मोजली जाते, इथेच बहुतेकांचं चुकतं. चित्रातली एक चौकट (पिक्सेल) ३० मीटरची, म्हणून ६० मीटरच्या आतला बदल धरूच नका.

गाळपेर: सरकतंय, हे मात्र नक्की. लहान खिंगान डोंगररांगेच्या घळीतून नदी सपाट मैदानात उतरते, उतार मोडतो, त्यात सुंगारी ही उपनदी येऊन मिळते. वेग पडला की गाळ बसतो, बेटं वाढतात, पाणी नवा फाटा धरतं. डाव्या अंगाचा पेमझेन्स्काया फाटा जास्त पाणी ओढू लागला, तसं शहराकडचं पात्र उथळ व्हायला लागलं. म्हणून फाट्यांवर बांध घालावे लागले.

सीमारेषा: हद्द आपोआप हलत नाही. जलवाहतुकीच्या नदीत ती मुख्य प्रवाहाच्या मध्यावरून आखतात. पण १९९१ च्या करारानुसार पुढे नदीत नैसर्गिक बदल झाले तरी, दोघांनी वेगळं ठरवल्याशिवाय, रेषा तीच राहते. बोल्शोय उस्सुरीस्की बेटाचा (चिनी नाव हेइशियाझी) वाद यापेक्षा जुना: रशिया-चीनच्या १८६० च्या तहानंतर रेषा मुख्य अमूरवर धरायची की काझाकेविचेवा फाट्यावर? २००४ च्या कराराने बेट विभागलं आणि २००८ मध्ये पश्चिमेकडचा भाग चीनकडे गेला. तिथे आता हद्द बेटाच्या जमिनीवरून जाते, पाण्यातून नाही. तुमच्या नकाशावर ती फाट्याला चिकटलेली दिसत असेल, तर नकाशातला हद्दीचा थर जुना आहे, तो बदला.

नकाशावेडा: थर जुनाच निघाला. आता दोन्ही चित्रं ऑक्टोबरची घेऊन पुन्हा मोजतो.