एओर्टाच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) स्टेंटनंतर दुसऱ्या दिवशी पाय लुळा पडला, तर आधी काय करायचं?

प्रश्न (वडोदरा, आयसीयू)
लांब थोरॅसिक (छातीतल्या एओर्टातला) स्टेंट-ग्राफ्ट, लंबर ड्रेन (कमरेतून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढणारी नळी) घातलेला. पेशंट शुद्धीवर आला तेव्हा दोन्ही पाय हलत होते, दुसऱ्या रात्री डावा उचलेना, असं झालं तर? रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी सूचनांचा कागद करतोय, गुजरातीतही लावणार आहे. आधी ड्रेन उघडायचा की बीपी वाढवायचं?

उत्तर १
बीपी. पाय लुळा पडतो तो मज्जारज्जूला रक्त कमी पडल्याने. तिला मिळणारं प्रेशर म्हणजे एमएपी (सरासरी बीपी) वजा सीएसएफचं (मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचं) प्रेशर. एमएपी ७० आणि सीएसएफ १५ असेल तर वाट्याला ५५ च येतात. लॅबेटालॉल (बीपी उतरवणारं औषध) चालू असेल तर थांबवा, नॉरअ‍ॅड्रेनालिनवर (बीपी वाढवणारं औषध) एमएपी ९० च्या पुढे न्या (सर्जनला फोन करूनच), पेशंटला आडवं झोपवा, ऑक्सिजन लावा, हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर रक्त मागवा. हे चालू असतानाच ड्रेन उघडा, सीएसएफचं लक्ष्य १० मिमी पारा. पण तासाला १०-१५ मिलीच्या वर नाही. शरीर तासाला जेमतेम २० मिली सीएसएफ तयार करतं. भसाभस काढलं की मेंदू खाली ओढला जातो, ब्रिजिंग व्हेन्स (मेंदूवरच्या नाजूक शिरा) फाटतात आणि सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव) होतो.

उत्तर २
दादा, कागदावर सगळ्यात वर ट्रान्सड्यूसरची (ड्रेनचं प्रेशर मोजणाऱ्या यंत्राची) पातळी लिहा: उजव्या एट्रियमच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) रेषेत. १० सेमी खाली लटकला तर आकडा सात मिमीने जास्त दिसतो, आणि सिस्टर बिचारी विनाकारण पाणी काढत बसते. कूस बदलण्याआधी, डोक्याकडची बाजू उचलण्याआधी ड्रेन क्लॅम्प (चिमटा लावून बंद). या लाइनला प्रेशर बॅग (दाबाने द्रव आत ढकलणारी पिशवी) कधीच जोडायची नाही. आर्टेरियल लाइनच्या (धमनीतून बीपी मोजणाऱ्या नळीच्या) सवयीने हात तिकडे जातोच! पाणी लालसर आलं की ड्रेन बंद, डोक्याचा सीटी.

उत्तर ३
पाय उशिरा का लुळा पडतो, तर स्टेंटखाली इंटरकोस्टल (बरगड्यांमधल्या धमन्या) बंद झालेल्या असतात. मज्जारज्जू सबक्लेव्हियन (गळपट्टीच्या हाडाखालची) आणि इंटरनल इलियाक (ओटीपोटातली) धमन्यांकडून येणाऱ्या आडवाटांच्या रक्तावर तग धरते. डायलिसिसमध्ये बीपी पडलं, घरच्या बीपीच्या गोळ्या घाईने सुरू केल्या, की तोल जातो. अँटिरियर हॉर्नच्या (मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या) मोटर पेशी आधी मरतात, स्पर्श वाहणाऱ्या मागच्या कॉलमचा पुरवठा वेगळा असतो. म्हणून स्पर्श कळतो एवढ्यावर "ठीक" लिहू नका, दर तासाला पाय उचलायला सांगा. पाठ फार दुखत असेल किंवा बीपी वाढवूनही फरक नसेल तर ड्रेनच्या जागचा एपिड्युरल हिमॅटोमा (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर साचलेलं रक्त) लक्षात ठेवा, एमआरआय लगेच. स्टेरॉइड, नालॉक्सोन यांचा पुरावा कच्चा आहे, त्यांच्यासाठी खोळंबू नका.

प्रश्नकर्ता
डायलिसिसचा मुद्दा राहिलाच होता, घेतो. ड्रेन काढताना?

उत्तर २
आधी क्लॅम्प करून काही तास पाय बघायचे. प्लेटलेट लाखाच्या वर, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) नॉर्मल. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असेल तर त्याचा असर उतरल्याशिवाय हात लावू नका.