अमेरिकेत विदर्भ असता तर वेगळा झाला असता का?

अभ्यासिका_नंदनवन
नमस्कार मंडळी, राज्यसेवेची तयारी करतोय, सध्या पॉलिटी चालू आहे. काल अभ्यासिकेतून सुटल्यावर तर्री पोहे खाता खाता मित्रासोबत जुंपली. तो म्हणे अमेरिकेत राज्यांना जास्त पॉवर, म्हणजे तिथं विदर्भ असता तर कधीचाच वेगळा झाला असता. मी म्हटलं उलट तिथं जास्त कठीण, पण काऊन ते धड सांगता नाही आलं, पोहे संपले अन् वाद तिथंच राहिला. आपल्याकडं राज्यघटनेचं कलम ३, संसद साध्या बहुमतानं राज्य तोडू शकते, विधानसभेचं फक्त मत मागवायचं, एवढं पाठ आहे. तिकडं काय? आणि वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या नागपूर शहराच्या चौथाईही नाही, तरी सिनेटमध्ये (तिथल्या संसदेचं वरचं सभागृह) दोन जागा. कॅलिफोर्निया जवळपास चार कोटी, त्यालेही दोनच! हे काय गणित आहे बे?

संत्रा_बर्फी
पोह्याचे पैसे मित्राकडून घे, तू जिंकला 😄
तिकडं राज्यं आधी झाली आणि देश मागून, सगळी गोम इथंच आहे. १७७६ ला ब्रिटिशांपासून सुटल्यावर १३ राज्यं स्वतःला जवळपास देशच समजत होती. १७८१ पासून जो करार लागू होता त्यात केंद्राला कर लावता येत नव्हता, पैशासाठी राज्यांपुढं हात पसरायचे, राज्यं द्यायची तर द्यायची नाहीतर नाही, आणि करारात बदल करायचा तर तेराही जणांचा होकार पाहिजे. असं घर चालतं का? म्हणून १७८७ ला नवी राज्यघटना लिहायला फिलाडेल्फियात ५५ जण बसले (ऱ्होड आयलंडनं कोणाला पाठवलंच नाही). मोठी राज्यं म्हणे लोकसंख्येवर जागा द्या, डेलावेअर, न्यू जर्सीसारखी छोटी म्हणे मग आम्ही चाललो. शेवटी तोडगा निघाला, एक सभागृह लोकसंख्येवर, दुसऱ्यात, म्हणजे सिनेटमध्ये, सगळे सारखे. वायोमिंग तर पार १८९० ला आलं, पण नियम तोच. आणि त्यांच्या घटनेच्या कलम ५ मध्ये कुलूपच लावलंय, त्या राज्याच्या मर्जीशिवाय सिनेटमधला त्याचा सारखा वाटा काढता येत नाही. आपल्या राज्यसभेत यूपीचे ३१ अन् गोव्याचा १, तसं तिथं होणं नाही.

काळा_कोट_सिव्हिल_लाईन्स
वेगळ्या राज्याचं मी सांगतो. त्यांच्या कलम ४ मध्ये आहे की एखाद्या राज्यातून नवं राज्य काढायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती पाहिजे आणि काँग्रेसचीही (म्हणजे तिथल्या संसदेची). नुसतं मत नव्हे, संमती. १८२० ला मेन हे राज्य वेगळं झालं ते मॅसॅच्युसेट्स हो म्हणाल्यावरच. मजा आहे वेस्ट व्हर्जिनियाची. यादवी युद्धात व्हर्जिनिया फुटून निघालं, मग युनियनच्या (म्हणजे केंद्र सरकारच्या) बाजूच्या लोकांनी व्हीलिंग गावात आपलं 'खरं व्हर्जिनिया सरकार' मांडलं, त्याच सरकारकडून संमती घेतली आणि १८६३ ला नवं राज्य उभं! म्हणजे पळवाट काढली तरी संमतीचा कागद लागलाच. आता आपलं पाहा, २०१४ ला आंध्रच्या विधानसभेनं तेलंगणाचं बिल फेटाळलं तरी संसदेनं पास केलं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात हेच स्पष्ट केलं होतं, आपला संघ राज्यांनी आपसात करार करून बनलेला नाही, म्हणून फुटून जायचा हक्कही कोणाला नाही.

तर्रीबाज
एवढंही कौतुक नको त्या फिलाडेल्फियावाल्यांचं. त्याच हॉलमध्ये ठरलं की जागा मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. मत त्यांना शून्य, पण त्यांच्या नावावर मालकांच्या राज्याला जागा जास्त. तोडगा म्हणे 😒

संत्रा_बर्फी
@तर्रीबाज बरोबर आहे भाऊ, ते राहिलंच सांगायचं. अन् सिनेटर तर १९१३ पर्यंत लोकं निवडतच नव्हते, राज्यांची विधिमंडळं निवडायची.

अभ्यासिका_नंदनवन
मित्राले सगळं दाखवलं. पैसे दिले त्यानं, पण आता म्हणतो की आपल्याकडं एवढं सोपं आहे, संमतीही लागत नाही, १९५५ ला फाजल अली आयोगानंही (राज्य पुनर्रचना आयोग) वेगळा विदर्भ सांगितला होता, मंग अजून काऊन नाही झाला? याचं उत्तर कोणाजवळ आहे? या बारीचे पोहे माझ्याकडून.