क्रांतिसिंह नाना पाटील बीडचे खासदार होते?? आज्जा म्हणतो ते खरंय का

बालाघाटी: मंडळी एक शंका आहे. आमचा आज्जा आता नव्वदीच्या आसपास, त्याला काल काय जेवला ते आठवत नाही पण जुनं सगळं लख्ख आठवतं. परवा टीव्हीवर निवडणुकीचं काहीतरी चालू होतं तर एकदम म्हणाला, आमच्या बीडचा खासदार नाना पाटील होता, पत्रीसरकारवाला, मी मत दिलंय त्याला. मला वाटलं म्हातारं दोन गोष्टी एकात घालतंय कारण आपल्याला शाळेत शिकवलेले नाना पाटील सातारचे, इंग्रजांच्या काळातले, धड्यात संपून गेलेले. ते बीडला कशाला येतील? ना गाव ना भावकी. कुणाला पक्की माहिती असेल तर सांगा, आज्जाशी पैज लागलीय.

जुनीपेटी: पैज हरलात. १९६७ ची लोकसभा, बीड, नाना रामचंद्र पाटील, भारतीय कम्युनिस्ट पक्ष. त्याआधी १९५७ ला सातारचे खासदार, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीचं वारं होतं आणि त्या भागात काँग्रेसची पार दाणादाण उडाली होती, खुद्द यशवंतराव कराडातून जेमतेम निवडून आले. १९६२ ला मात्र साताऱ्यातून किसन वीर गेले, काँग्रेसकडून. गंमत बघा, हे किसन वीरसुद्धा बेचाळीसच्या चळवळीतलेच, येरवडा जेल फोडून पळालेले. म्हणजे एकाच लढ्यातली माणसं पुढं वेगवेगळ्या झेंड्याखाली.

कुंडलाकडचा: आमच्याच भागातला विषय निघाला म्हणून लिहितोय. आधी एक, नाना सातारचे म्हणतात ते जुन्या हिशोबानं. त्यांचं गाव येडेमच्छिंद्र, वाळवा तालुका, आजचा सांगली जिल्हा, पण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता, सगळं साताऱ्यातच मोडायचं. नाना तलाठी होते हो, सरकारी नोकर! १९३० ला कायदेभंगात नोकरीवर लाथ मारली आणि मग जेलच्या वाऱ्या. बेचाळीसपासून सेहेचाळीसपर्यंत चार वर्षं भूमिगत, डोक्यावर इनाम, घरदार जप्त, तरी पकडले गेले नाहीत कारण गावंच्या गावं मुकी झालेली. रात्री वस्तीवर भाकरी पोचायची आणि सकाळी फौजदार आला की कुणाला काही ठाऊक नसायचं. त्यात नुसती पळापळ नव्हती, इंग्रजांना बाजूला सारून लोकांचं स्वतःचं सरकार चालवलं, तेच पत्रीसरकार, गावोगाव न्यायनिवाडे, सावकाराला चाप, दारूबंदी, आणि खर्च नको म्हणून हार घालून गांधी विवाह. तिकडं जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ यांची तुफान सेना, म्हणजे पत्रीसरकारची हत्यारबंद फौज, शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली १९४३ ला, पुढच्या वर्षी पार धुळ्याकडं चिमठाण्याला जाऊन साडेपाच लाखाचा सरकारी खजिना.

टपरीवरचा: पत्रीसरकार म्हणजे पायाला पत्रे ठोकायचे ना? म्हणून नाव पडलं असं ऐकलंय

कुंडलाकडचा: हे प्रत्येक वेळी निघतं. मूळ शब्द प्रतिसरकार, लोकांच्या तोंडी पत्री झाला. आणि बैलाच्या खुराला पत्री मारतात तशी गद्दाराच्या पायाला मारतात ही हवा पसरली. कॅप्टन भाऊ स्वतः सांगायचे की खिळे-पत्रे काही नाही, तळव्यावर काठीनं फटके द्यायचे. पण ती अफवा फायद्याचीच होती, खबऱ्याची झोप उडायला तेवढं पुरे 😄

बालाघाटी: हे सगळं भारी आहे पण माझा प्रश्न तोच, बीडच का? मला वाटतं आमचे ऊसतोडवाले तिकडं जायचे त्यातून ओळख झाली असेल.

जुनीपेटी: तो अंदाज मला पटत नाही, ऊसतोडीला एवढ्या मोठ्या संख्येनं लोक जायला लागले ते बहात्तरच्या दुष्काळानंतर. बीडचं उत्तर बीडमध्येच आहे. तुमचा जिल्हा निजामाच्या राज्यातला, तिथं डाव्यांची पाळंमुळं आधीपासून. १९५२ ची पहिली निवडणूक बघा, बीडमधून रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आले, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे, हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट त्याच नावाखाली लढले होते. आणि १९७७ ला परत गंगाधरअप्पा बुरांडे, मार्क्सवादी. मधले नाना धरले तर तीन डावे खासदार एका बीडनं दिलेत, आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. शिवाय नानांना ओळख करून द्यायची गरज नव्हती, धिप्पाड गडी, पहाडी आवाज, आणि भाषण म्हणजे औत, पेरणी, सासू-सुना, पुस्तकी शब्द नाही. जात-भावकी बघून तिकीट द्यायचं आजचं गणित त्यावेळी नव्हतंच असं मी म्हणणार नाही, पण त्या माणसाला ते लागलं नाही. १९७१ ला ती जागा काँग्रेसनं परत घेतली.

वाळव्याचीलेक: कोणी हौसाबाईंचं नावच घेतलं नाही. नानांची मुलगी. वडील भूमिगत असताना पोरीनं पण तेच केलं, भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या मारामारीचं नाटक लावलं, पोलीस सोडवायला बाहेर आले आणि आतल्या बंदुका गेल्या. गोव्यातून येताना तर मांडवी नदी लाकडी पेटीवर आडवं पडून पार केली, पोहता येत नसताना, रात्री. २०२१ ला गेल्या, ९५ वर्षांच्या होऊन. बाकी नाना १९७६ ला ६ डिसेंबरला गेले, अंत्यविधी वाळव्यात. जी. डी. बापूंचा कुंडलला क्रांती साखर कारखाना झाला, त्याच लढ्यातल्या नागनाथअण्णा नायकवडींचा वाळव्याला हुतात्मा झाला, दोघं आमदारही झाले. नानांच्या मागं कारखाना नाही, बँक नाही, कॉलेज नाही.

बालाघाटी: वाचून दाखवलं सगळं आज्जाला. परांजपे म्हटल्यावर मान हलवली, बुरांडेअप्पा म्हटल्यावर हसला. मग विचारलं क्रांती आणि हुतात्मा कारखाना माहितीय का, तर म्हणाला कुंडलला तीन सीझन कोयता चालवलाय मी, फडातून दिसायची चिमणी. पैजेचे शंभर रुपये उशीखाली ठेवलेत त्यानं.